भेगेवरच्या काचा

११ जानेवारी

दादा,

पत्ता आईने दिला. तिला तो पाठ आहे, हे मलाही परवाच कळलं. बाबांना यातलं काही माहीत नाही, तेव्हा उत्तर लिहिलंस तर घरी नको, चष्म्याच्या वडिलांच्या फोटोफ्रेमच्या दुकानावर पाठव. चष्म्या म्हणजे माझ्या वर्गातला, तू ज्याला बेडूक म्हणायचास तो.

राग गेलाय म्हणून लिहीत नाहीये. तो आहे तिथेच आहे. तू बोगद्याचं काम सोडून घरी आलास, बाबा म्हणाले, "देशाचं काम अर्ध्यावर टाकणारा मुलगा मला नको," आणि तू आल्या पावली निघून गेलास. माझ्याशी एक शब्द न बोलता. ते नंतर बघू. आत्ता मला तुझ्याकडून एक माहिती हवी आहे.

आपल्या वरच्या आळीत दारं लागेनाशी झाली आहेत.

आधी आपलंच मोरीचं दार खाली घासायला लागलं. सुतारकाकांनी येऊन रंधा मारून दिला. मग शेजारच्यांचं, मग समोरच्यांचं. आता काका सकाळी पेटी घेऊन आळीच्या या टोकाला शिरतात आणि संध्याकाळी त्या टोकाला निघतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. मी विचारलं, "काका, दारं पावसात फुगतात ना? आत्ता तर ओठ फुटायची थंडी आहे."

ते म्हणाले, "दार फुगलेलं नाही, भिंगरे. चौकट वाकडी होतेय." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे तू ऐकलं नाहीस." जाताना नेहमीसारखं विचारलं, "आपला ओव्हरसियर काय म्हणतो?" म्हणजे तू. मी म्हटलं, मजेत आहे. मला काय माहीत.

आणखी एक. दुपारी सगळं शांत झालं की मोरीच्या जाळीतून आवाज येतो. कुणीतरी घसा खाकरून बोलायला सुरुवात करणार आणि मग विचार बदलणार, तसा. बोगद्यातले सुरुंग तर कधीच थांबलेत. तरी भरलेल्या बादलीत मधूनच गोल वलय उठतं. आई जाता-येता भिंतीवर तळहात ठेवून उभी राहते, आपल्याला ताप आला की कपाळावर ठेवायची तशी.

बाबा खुशीत आहेत. यंदा ज्यांना अठरा पूर्ण झाली त्या सगळ्यांचा शाळेच्या सभागृहात शपथविधी आहे. शपथ त्यांनी स्वतः लिहिली आहे. ती मी सांगायची आणि बाकीच्यांनी माझ्यामागून म्हणायची. मुख्याध्यापकांची मुलगी म्हणून नाही, आवाज खणखणीत आहे म्हणून, असं ते भेटेल त्याला सांगतात.

तर माहिती अशी: तू बोगद्याच्या तोंडाशी भेगांवर काचेच्या पट्ट्या लावायचास. त्या कशाने चिकटवतात?

भिंगरी


३० जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एक चित्र, सिमेंटचं प्रमाण, आणि खाली "तिथून निघा." बहिणीला कशी आहेस एवढं तरी विचारायचं होतंस. असो. तुझ्या अक्षरात "निघा" वाचून मी बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

निघा म्हणणं सोपं आहे. कुणाला आणि काय सांगून निघायचं?

आम्ही काचा लावायला घेतल्या आहेत. मी, चष्म्या आणि शपथेच्या तालमीला येणारे इतर काही जण. फ्रेमच्या दुकानात काचेचे तुकडे वाया जातातच, त्याच्या पट्ट्या कापल्या. भेगेवर आडवी पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भेग जरा जरी हलली तरी काच तडकते. चष्म्या म्हणतो, आपण भिंतीला थर्मामीटर लावतोय.

पण भेगा कुठे आहेत ते लोक सांगेनात. ज्या घरी जावं तिथे एकच उत्तर: "आमच्याकडे काही नाही गं बाई." आणि बोलताना सगळे भिंतीला पाठ लावून उभे. मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक घरात कॅलेंडर भलत्याच ठिकाणी लटकवलेलं आहे. कुठे पलंगाच्या खाली पायाशी, कुठे दाराच्या मागे, कुठे पार छताला टेकलेलं. आपल्या शेजारच्या मावशींनी तर दोन कॅलेंडरं एकाखाली एक लावली आहेत, दोन्ही मागच्याच वर्षाची. मी वरचं जरासं उचललं. मागे हात जाईल एवढी फट होती आणि तिच्यातून गार वारा येत होता. मावशींनी माझ्या हातातून कॅलेंडर घेतलं आणि पुन्हा सारखं केलं. "पोरीचं लग्न ठरतंय," एवढंच म्हणाल्या.

प्रत्येकाला वाटतं, फक्त आपल्याच घरात आहे.

आळीच्या टोकाच्या विहिरीचं पाणी गेलं. आटलं म्हणणार होते, पण आटायला वेळ लागतो. काल होतं, आज नाही. चष्म्याने आत दगड टाकला. आम्ही कान देऊन उभे राहिलो. आवाज आलाच नाही. त्याने दुसरा टाकला नाही.

शाळेत मात्र अडचण आली नाही. "सभागृह सजवतोय," म्हटल्यावर बाबांनी किल्लीच दिली. भेगांवर काचा आणि काचांवर रंगीत कागद. बाबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "छान. तरुणांनी असं स्वतःहून काम अंगावर घ्यायला हवं." मला हसावं की रडावं कळेना.

भिंगरी


१४ फेब्रुवारी

दादा,

आता सगळं नीट सांगते, कारण आता मला भीती वाटते.

तालमीच्या वेळी मी व्यासपीठावर उभी राहते आणि समोर सगळे रांगेत. काल वर पाहिलं तर सगळेच्या सगळे एका बाजूला कललेले. जणू खिडकीतून कुणी हाक मारतंय आणि सगळे तिकडे कान देतायत. मी ओरडले, "सरळ उभे राहा." ते म्हणाले, सरळच आहोत. मी सगळ्यांत उंच मुलाला पुढे बोलावून, दोरीला दगड बांधून ती धरायला लावली. दोरी आणि मुलं एका रेषेत होती. मुलं सरळ होती. सभागृह कललं होतं.

कागदांच्या मागे बऱ्याच काचा तडकल्या आहेत. तडकताना आवाज होतो, बांगडी फुटल्यासारखा बारीक. आधी कधीतरी यायचा. आता वाक्याच्या मध्ये येतो.

आम्ही सगळे मिळून बोगद्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी चहा दिला, बिस्किटं दिली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्यासारखी जागरूक पिढी ही देशाची खरी संपत्ती." आणि प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं, डोंगरावर लावायला. परत येताना आम्ही रस्त्याने रोपं घेऊन चाललेलो, वरातीतल्या बँडवाल्यांसारखे. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

त्याच रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं.

"सभागृह वापरू नका. शपथ मैदानात घेऊ."

"कुणी सांगितलं?"

तुझं नाव घेतलं नाही. पण त्यांना कळलं. त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "हा बोगदा पूर्ण झाला की किती गावांत वीज जाईल, माहीत आहे? शेकडो माणसं आत खपतायत. आणि आपण भिंतीला चार चिरा गेल्या म्हणून बोंब मारायची? अफवा पसरवणं हे नागरिकाचं काम नाही."

"मग नागरिकाचं काम काय आहे, बाबा?"

"तुझ्या हातात लिहून दिलंय ना? ते पाठ कर."

जेवण झाल्यावर आईने सगळ्यांच्या चपला उचलून आत आणल्या आणि ज्याच्या त्याच्या पलंगाशी ठेवल्या.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

दादा,

मी बाबांना मान खाली घालायला लावली. आधी तू, आता मी. आता त्यांना मुलंच नाहीत म्हणायला हरकत नाही.

सकाळचा कार्यक्रम. सभागृह गच्च भरलेलं, आईबाप मागे खुर्च्यांवर. साहेब पाहुणे. बाबा इस्त्रीचा कोट घालून माझ्या शेजारी. सगळ्यांनी उजवा हात पुढे धरला. मी म्हटलं, "आजपासून मी या देशाचा सज्ञान नागरिक आहे." सगळे म्हणाले. "देशाचं काम ते माझं काम." सगळे म्हणाले. एवढ्या तरुण गळ्यांचा आवाज एकदम उठला की अंगावर काटा येतो, ते खरं आहे.

मग कोपऱ्यातली काच गेली. तिच्या शेजारची गेली. मग भिंतीच्या कडेकडेने, एकीमागून एक, कुणी बोटाने वाजवत पुढे जावं तशा त्या जात राहिल्या, दारापर्यंत. रंगीत कागद हलले नाहीत. पाहुण्यांना वाटलं, सजावटीतलंच काही आहे.

पुढची ओळ होती: "हाती घेतलेलं मी अर्ध्यावर सोडणार नाही." ती तुझ्यावर लिहिलेली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी थांबले. बाबा ओठ न हलवता म्हणाले, "वाच."

मी त्याच सुरात म्हटलं, "आम्ही आता रांगेने बाहेर जाऊ."

आणि दादा, सगळे माझ्यामागून म्हणाले, "आम्ही आता रांगेने बाहेर जाऊ." हात पुढे धरलेलेच.

मी म्हटलं, "धावणार नाही. ढकलणार नाही." तेही म्हणाले. म्हणत म्हणतच निघाले. पहिली रांग, दुसरी रांग. मागच्या खुर्च्यांवरचे आईबाप उठून मुलांबरोबर चालायला लागले. कुणी विचारलं नाही का म्हणून. मला वाटलं होतं गोंधळ होईल, कुणी हसेल. त्यांचे चेहरे मी पाहिले. ते सगळे याचीच वाट बघत होते. कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच.

बाबा व्यासपीठावरच राहिले. मैदानात लाउडस्पीकर लावलेला होता. आम्ही बाहेर उभे आणि आतून बाबांचा आवाज येत होता, "परत या. सगळ्यांनी परत या." थोड्या वेळाने ते थांबले. मग रिकाम्या सभागृहात त्यांनी एकट्याने उरलेली शपथ शेवटपर्यंत म्हटली. मैदानात कुणी हललं नाही. ऐकताना मला वाटत होतं, हा आवाज एखाद्या माणसाचा नाही, इमारतच बोलतेय.

सभागृह पडलं नाही. आजही उभं आहे.

भिंगरी


२ मार्च

दादा,

माझं कसं चाललंय म्हणून विचारलंस. पहिल्यांदा. बरं वाटलं.

कसं चालणार? साहेबांनी शाळेला पत्र पाठवलं. बाजारात गेले की दुकानदार म्हणतो, "ही बघा, भूकंपवाली." बाबा माझ्याशी बोलत नाहीत. घरी होतो तोवर मीठ हवं असलं तर आईला सांगायचे, आई मला सांगायची, मी आईला द्यायचे, आई त्यांना द्यायची. एकाच टेबलावर.

पण शाळेत मुलं येत नाहीत. कुणाला खोकला, कुणाच्या मामाकडे काम. घाबरलो असं कुणीच म्हणत नाही. आणि आळी हळूहळू रिकामी होतेय. सकाळी उठावं तर एका घराला कुलूप. कुणी निरोप घेत नाही, जणू काहीतरी चोरून नेतायत. आम्ही मुलं त्यांचं सामान खाली नेऊन देतो. म्हातारी माणसं, शिलाई मशिनं, पिंजऱ्यातले पोपट. मावशींनी जाताना दोन्ही कॅलेंडरं काढून गुंडाळून बरोबर घेतली. भिंतीकडे पाहिलंही नाही.

काही जणांना दारं बरोबर न्यायची आहेत. चांगलं लाकूड आहे म्हणतात. सुतारकाका बिजागऱ्या सोडवून देतात. इतके दिवस दारं बसवत होतो, आता काढतोय, म्हणाले आणि स्वतःच हसले. दारं नसलेल्या घरांतून आरपार दिसतं. रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंनी कुणीतरी तोंड उघडं टाकून बघतंय असं वाटतं.

आवाज थांबलेत. मोरी गप्प आहे. बादलीतलं पाणी आरशासारखं. तू मागे लिहिलं होतंस की आवाज थांबले तर ते चांगलं लक्षण नाही. मला ते तू लिहायच्या आधीच कळलं होतं. आजारी माणूस कण्हायचं थांबतो तेव्हा कसं वाटतं, तसं वाटतंय.

आई आणि मी खालच्या बाजारपेठेत चष्म्याकडे राहायला आलोय. बाबा नाही आले. रोज सकाळी कोट घालून शाळेत जातात आणि रिकाम्या शाळेत बसतात.

भिंगरी


१२ मार्च

दादा,

आई बरी आहे. मी बरी आहे. बाबांचा हात मोडला आहे, बाकी बरे आहेत. तुझ्याकडे बातमी पोचली असेल तर ती इतकीच खरी धर.

त्या दिवशी सकाळी मी बाबांचा डबा घेऊन शाळेत गेले. बोलायचं नाही, ठेवून यायचं, असं ठरवून. ते कचेरीत नव्हते. सभागृहात होते. कोट खुर्चीवर, बाह्या वर, हातात सिमेंटची थापी. भिंतीवरच्या सगळ्या काचा नव्या होत्या. प्रत्येकीखाली पेन्सिलने तारीख. रोज तडकायच्या आणि रोज ते नव्या लावायचे. फ्रेमच्या दुकानातून काचा कोण नेतं हे चष्म्याच्या वडिलांनी मला सांगितलं नव्हतं.

मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "वर पत्रं पाठवली. रोज पाठवतोय. कुणी येत नाही." मग म्हणाले, "आज सकाळी लावलेल्या आहेत या."

त्यांनी बोट दाखवलं. सगळ्या तडकलेल्या होत्या.

आम्ही आळीत धावलो. अजून काही घरांत माणसं होती, जायला जागा नसलेली. बाबांनी दारोदार जाऊन वर्गातल्या आवाजात हाका मारल्या. सगळे त्यांचेच विद्यार्थी. केस पिकायला लागलेले बापे, लेकुरवाळ्या बायका, त्यांना शाळेतल्या टोपणनावांनी हाका. "ए ढब्ब्या, बाहेर. गोगलगाय, सामान राहू दे, बाहेर." आणि ते आले. हातातलं टाकून, मान खाली घालून, शाळेतल्यासारखे.

शेवटच्या घरात सुतारकाका होते.

मला हे लिहायचं नव्हतं. दोन दिवस मी बाकीचंच लिहीत होते आणि फाडत होते. लहानपणी तू शाळा सुटली की त्यांच्या दुकानात जाऊन बसायचास, हे मला माहीत आहे.

ते दार काढत होते. एक बिजागरी सुटली होती, दुसरी अडकली होती. बाबा ओरडले. काका वळून म्हणाले, "आलोच." वैतागून नाही, घाबरून नाही. आपण जेवायला बोलावलं की म्हणायचे तसंच. बाबा आत शिरायला गेले तेव्हा पायाखालची पायरी नव्हती.

मोठा आवाज होईल असं मला वाटायचं. झाला नाही. आळी खाली बसली. दमलेली माणसं बसतात तशी, एकामागून एक घर. दोरीवरचे कपडे हललेही नाहीत, आहे तसे वाळत खाली गेले. सभागृह सर्वांत शेवटी. आवाज नंतर आला, डोंगराच्या पलीकडून, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत झालं.

मग धूळ, आणि धुळीतून एक माणूस बोलायला लागला. आम्ही धावलो. बाबा एका हाताने माती उकरायला लागले. तो रेडिओ होता. कुणाच्या तरी घरात चालू राहिलेला. मातीच्या खालून स्पष्ट बातम्या देत होता, देशभरच्या. बचाववाले येईपर्यंत चालू होता. त्यात आमचं काही नव्हतं.

काका सापडले नाहीत. त्यांच्याशिवाय सगळे बाहेर आहेत.

भिंगरी


५ एप्रिल

दादा,

आळीतले आम्ही सगळे आता धान्याच्या गोदामात राहतो, बाबासुद्धा. चादरी टांगून खोल्या केल्या आहेत. चौकशी सुरू झाली. गोदामाच्या दाराशी टेबल, अधिकारी, टायपिस्ट.

आम्ही मुलं पहिल्याच दिवशी पुढे गेलो. काचा, विहीर, कललेलं सभागृह, बोगद्याच्या कचेरीतली भेट, सगळं सांगितलं. अधिकारी म्हणाले, "आधी मोठ्यांचं होऊ दे."

चष्म्या म्हणाला, "आम्हाला अठरा पूर्ण आहेत. त्यासाठी सोहळा झाला होता." अधिकाऱ्यांना हसू आलं, पण टायपिस्टला खूण केली. लिहून घेतलं.

मग मोठे. सगळ्यांना एकच प्रश्न: "आधी काही लक्षात आलं होतं का?"

"नाही साहेब. अचानक झालं."

पुढचा. "नाही साहेब. अचानक झालं."

मावशी. "नाही साहेब. अचानक झालं."

दादा, एकही शब्द बदलत नव्हता. आवाजाची पट्टीसुद्धा तीच. मी त्यांचे चेहरे बघत होते. खोटं बोलताना माणसाचे डोळे कुठेतरी हलतात, यांचे हलत नव्हते. ज्यांच्या भिंतींना मी हात लावला, ज्यांची कॅलेंडरं मी उचलली, ती माणसं. विहिरीत दगड टाकल्यावर ऐकत उभे होतो तेव्हा जसं वाटलं होतं, तसं मला पुन्हा वाटलं.

बाबांचा नंबर आला. गळ्यात हात अडकवलेला. अधिकारी त्यांना ओळखत होते, खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"सर, आधी काही लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. ही मंडळी घाबरली आहेत, त्यांना बोल लावू नका. मी त्यांचा मास्तर आहे, गप्प बसायला मीच शिकवलं. माझ्या लक्षात सर्वांत आधी आलं होतं. बोगद्यात पाणी शिरतंय, वरची जमीन बसणार, हे माझ्या मुलाने मला सांगितलं होतं. तो तिथे ओव्हरसियर होता. मी त्याला घराबाहेर काढला."

टायपिस्टचं यंत्र थांबलं. मग मागून मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, माझं बदलून लिहिता का?"

त्यानंतर संध्याकाळपर्यंत रांग परत पहिल्यापासून लागली.

आता मुद्द्याचं. कंपनी म्हणते, बोगद्यात पाणी शिरल्याची काही नोंदच नाही. ज्याने आत जाऊन डोळ्यांनी पाहिलं आणि तोंड उघडलं असा माणूस एकच आहे. अधिकाऱ्यांनी तुझा पत्ता विचारला. आईने तोंडपाठ सांगितला, बाबांच्या समोर. त्यामुळे माझ्या पत्राआधी सरकारी बोलावणं तुझ्या हातात पडलं असेल. तुला तिथलं काम सोडून येणं जड आहे, मला कळतं. आलास तर कंपनी तुझ्यामागे लागेल, तेही कळतं. ये असं मी लिहिणार नाही. तुझा राग तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी.

बाबांनी पत्रात खाली जागा सोडायला सांगितली आहे. डाव्या हाताने लिहितायत, दुपारपासून बसलेत. एवढंच झालंय.

*बाळा, घरी ये म्हणायला घर उरलेलं नाही. साक्षीला ये.*